पेंडंटमधलं बिऱ्हाड

"फोटो सुंदर आहेत, पण माल कारखान्यातला वाटतो," दुकानाच्या मालकीणबाई फोनवर म्हणाल्या आणि थोरलीच्या हातातली पॉलिशची चिंधी गळून पडली.

कारखाना म्हणजे घरातली मागची खोली आणि कामगार म्हणजे ती एकटी. चांदीचा पत्रा ठोकून ठोकून घुमटासारखा फुगवायचा आणि आरसा लाजेल इतका घोटायचा, ही तिच्या पेंडंटची खासियत. पण धाकट्या भावाने फोटो काढल्यावर संगणकावर बसून आधी सावल्या पुसल्या, मग हातोडीचे ठसे पुसले आणि हात चाललाच आहे म्हणून टेबलही पुसलं. उरलं ते पांढऱ्या पोकळीत तरंगणारं गोल, गुळगुळीत काहीतरी.

"माझ्याकडे फक्त हातचं विकलं जातं," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यामागे माणूस आहे हे दिसू दे. आज दुकान बंद व्हायच्या आत नवे फोटो पाठवा, नाहीतर दर्शनी कपाट मेणबत्तीवालीला देते."

त्या दर्शनी कपाटाच्या भरवशावर थोरलीने नोकरी सोडली होती. शिवाय घरी सांगताना, ते मिळाल्यातच जमा आहे, असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

"त्यात काय अवघड आहे, ताई?" धाकटा म्हणाला. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर होता. त्यामुळे त्याला अवघड काहीच वाटत नसे, फक्त ते व्हायचं नाही.

दोन खुर्च्यांवर आडवी पट्टी ठेवून त्याने पेंडंट दोऱ्याने टांगलं आणि काहीही न पुसता पहिला फोटो काढला. मोठा करून पाहिला, तर पेंडंटच्या मधोमध बाबा बनियनवर चहा पीत बसले होते.

"फुगीर आरसा आहे हा!" धाकटा कौतुकाने म्हणाला. "अख्खी खोली मावली बघ एवढ्याशा जागेत."

"मला आधी त्यातून काढ!" बाबा कडाडले. "जन्मात कधी बनियनवर फोटो काढला नाही मी. लग्नात कोट होता माझ्या अंगात."

"माझ्या भावाचा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांना शर्ट घालून बाजूला केलं, तर त्यांच्या जागी उघडं कपाट दिसू लागलं. कपाट लावलं तर खिडकी दिसली आणि खिडकी झाकली तर काहीच दिसेना. शेवटी धाकट्याने जाहीर केलं की पेंडंटभोवती पांढऱ्या चादरीचा तंबू ठोकायचा, म्हणजे त्यात पांढऱ्याशिवाय काही दिसणारच नाही. घरात बिनफुलांची चादर एकच होती आणि तिच्या आत आत्या झोपली होती.

"आत्या, चादर दे ना. पेंडंटला हवीये."

"का? थंडी वाजतेय त्याला?" आत्या म्हणाली, पण उठली. झोप गेलीच आहे तर गंमत तरी बघू, म्हणून पेंडंटच्या अगदी समोर येऊन बसली.

चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं कपाटाच्या मुठीला. आत उजेड पोचेना, म्हणून बाबांना टेबललॅम्प देऊन स्टुलावर चढवलं. उजेड एकाच बाजूने पडतोय, म्हणून तो परतवायला आईला स्टीलचं मोठं ताट धरून उभं केलं. पंख्याच्या वाऱ्याने पेंडंट गरागरा फिरायला लागलं, तेव्हा पंखा बंद झाला. पंखा बंद झाल्यावर बाबांनी शर्ट काढला.

"तंबूच्या बाहेर आहे ना मी? दिसत नाही ना?"

"शास्त्रीयदृष्ट्या अशक्य," धाकट्याने ग्वाही दिली. त्याने फोन पुस्तकांच्या ढिगावर ठेवला आणि एकामागून एक आपोआप फोटो निघतील असं बटण दाबलं. "आता कुणी श्वाससुद्धा घेऊ नका."

थोरलीने सकाळीच त्या खोलीत पॉलिशची पावडर झटकली होती. आत्याने श्वास रोखला, नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि मग जी शिंक दिली, तिने धाकटा दचकून मागे सरला. त्याच्या पायात चादर अडकली, चादरीने कपाटाचं दार ओढलं, गाठ सुटली आणि अख्खा तंबू धाकट्याच्या डोक्यावर आला. पट्टी घसरली. थोरली दोन्ही हात पसरून पेंडंटवर झेपावली. फोन मात्र इमानेइतबारे टकटक करत राहिला.

पेंडंट वाचलं. वेळ मात्र संपत आली होती.

"एवढे फोटो बघत कोण बसणार?" धाकटा चादरीतून बाहेर येत म्हणाला. "सगळ्यांत स्पष्ट कुठला, ते संगणकच शोधेल."

संगणकाने क्षणात एक फोटो निवडला आणि धाकट्याने तो पाठवला. पाठवल्यावर मोठा करून पाहिला.

पेंडंटच्या कडेला हातोडीचे ठसे होते आणि आत सगळं बिऱ्हाड. बनियनमधले बाबा स्टुलावर दिवा उंचावून उभे, आई ताटाची ढाल करून सरसावलेली, आत्याचा आ वासलेला, मागे चादर पांघरलेलं एक भूत आणि या सगळ्यांच्या पुढे थोरलीचे पसरलेले, पॉलिशने काळेकुट्ट झालेले हात.

"फोकस चांदीवर बसलाच नाही," धाकटा अभ्यासूपणे म्हणाला. "तो प्रतिबिंबावर बसला. प्रतिबिंब पृष्ठभागाच्या मागे असतं ना, त्यामुळे..."

"गेलं माझं कपाट!" थोरली मटकन खाली बसली.

"आणि माझी अब्रू?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. थोरलीने तो उचलला तो माफी मागायच्या तयारीनेच.

"पुढे आलेले हात कोणाचे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझेच. तो काळेपणा धुऊनही जात नाही हो."

"घालवूही नका! हेच तर मागत होते मी. एक गिऱ्हाईक इथेच उभं आहे, फोटो बघून हसतंय आणि हेच पेंडंट पाहिजे म्हणतंय. कपाट तुमचं झालं. बाकीच्या पेंडंटचे फोटो उद्या पाठवा. पण सगळी मंडळी हवीत हं आत."

थोरलीने अशी आरोळी ठोकली की आत्याला पुन्हा शिंक आली. आईने ताट आणि चमचा घेऊन जे वाजवायला सुरुवात केली, ती शेजारी दारात येईपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कोट घालून, भांग पाडून स्टुलावर चढले.

"बाबा, कोट नको," थोरली हळूच म्हणाली. "दिवावाले काका कालच्यासारखेच हवेत, असं मालकीणबाईंनी मुद्दाम कळवलंय."

बाबा स्टुलावरून उतरले आणि ताठ मानेने आतल्या खोलीत गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून थोरलीने डोकावून पाहिलं.

बाबा बनियनला इस्त्री करत होते.