तेलुगूत रडता येत नाही

दर गुरुवारी सकाळी तेलंगणातल्या आमच्या बेल्याच्या बस स्टँडवर दशरथकाका आदिलाबादच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवतात, मागं वळतात आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मी मनाच्या डॉक्टरकडे चाललो बरं का! कोणाले काई आणाचं असन तं आत्ताच सांगा!"

पहिल्या गुरुवारी टपरीवरच्या लोकांचा चहा बशीतच राहिला. दुसऱ्या गुरुवारी कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या गुरुवारी एका म्हातारीनं शिवणयंत्राचा पट्टा आणायला सांगितला आणि काकांनी तो आणलाही. तेव्हापासून सुया, चष्म्याच्या काड्या, मिक्सरची भांडी असं सगळं गाव गुरुवारीच मागवतं. गाडी निघून गेली की मात्र मागं कुजबुज होते. "पागल झाला हो बिचारा. चांगला माणूस होता."

ही कुजबुज काकांना माहीत आहे. ते म्हणतात, "म्हणूनच तं मी जोरानं सांगतो. मी हळू बोललो का ते जोरानं बोलतात."

माझं घर काकांच्या घराला लागून. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून काका मला मास्तरीन म्हणतात. हे लिहू का, असं विचारायला गेले तेव्हा ते अंगणात भेंडीला पाणी देत होते. म्हणाले, "लिही. मोठ्या अक्षरात लिही."

काका तीस-एक वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होते. त्यातली निम्मी याच बेला–आदिलाबाद रस्त्यावर. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण बस त्यांच्यातून उतरलेली नाही. कुणाचं बोलणं नको झालं की हात वर करून "होल्डान!" म्हणतात. स्वतःचं बोलून झालं की "रैट रैट" म्हणून चालू लागतात. मयतीला गेले तरी गर्दीला म्हणतात, "पुढं सरका, मधात जागा हाय."

काकू जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा हैदराबादला असतो. काका एकटेच राहत होते, भाजी पिकवत होते, आणि आमची समजूत होती की माणूस घट्ट आहे. एक दिवस ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मास्तरीन, माह्या छातीत इंजन चालू राहाते, अन् गाडी हालत नाई. काय असन?"

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, हे मनाचं आहे, आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, "कौन्सेलिंग". ती चिठ्ठी घेऊन काका गावभर फिरले. एखाद्या पंपाचा वॉशर कुठं मिळतो हे विचारावं, तसं बियाणाच्या दुकानात, मंडलाच्या तहसील ऑफिसात, सलूनमध्ये विचारत सुटले. एकानं लिंबू उतरवून देणाऱ्या बाबाचं नाव सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं, मुलाकडे जाऊन राहा. धाकटा भाऊ मारोती तर धावतच आला.

"दादा, काय करून राह्यला तू हे? कोणाले सांगू नको ना."

"काऊन? गुडघा सुजला तवा तूच मले चौकात बसवून चार लोकाइले दाखवला. तवा कोणी म्हटलं का झाकून ठेव म्हून?"

"गुडघ्याची गोष्ट अलग हाय."

"हाय ना अलग. गुडघ्याविना मी बसून राह्यलो असतो. मनाविना कसा बसू?"

कुणीतरी सांगितलं की आदिलाबादला एका कॉलेजात कौन्सेलिंग सुरू आहे. काका सकाळच्या गाडीनं गेले. कॉलेजात ही मोठी रांग. शिस्तीचा माणूस, रांग दिसली की शेवटी जाऊन उभा राहणार. दीड तासानं खिडकीपाशी पोचले. आतल्या माणसानं मान वर न करता तेलुगूत विचारलं, "र्‍यांक एंत?" रँक किती?

काका म्हणाले, "रँक अजून कोणी देल्ली नाई. तुमीच तपासून सांगा."

"सर्टिफिकेट?"

काकांनी छातीची पट्टी पुढं केली.

ते इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं कौन्सेलिंग होतं. मागच्या मुलींनी हसू दाबत त्यांना समजावलं. संध्याकाळी काका मला म्हणाले, "पण मास्तरीन, ती रांग पाहून मले बरं वाटलं होतं. म्हटलं, एवढे लोकं आपल्यासारखेच हायेत, अन् दिवसाढवळ्या उभे हायेत!"

खरी जागा पुढच्या आठवड्यात सापडली. आदिलाबादच्या एका सरकारी दवाखान्यात, मागच्या बाजूला, फक्त गुरुवारी. तिथली मनाची डॉक्टर म्हणजे तिशीतली एक बाई, करीमनगरकडची, मऊ आवाजाची. काका आत गेले आणि पंधरा मिनिटांत बाहेर आले. घरी येऊन माझ्या ओट्यावर बसले.

"बाई चांगली हाय. पण तेलुगू बोलते."

"तुमाले तं फस्क्लास तेलुगू येते ना, काका?"

"येते ना. तेलुगूत मले तिकीट फाडता येते, भांडता येते, गाडी थांबवता येते. तेलुगूत रडता येत नाई."

मी सुचवलं, सरहद्दीपलीकडे यवतमाळला मराठी बोलणारे डॉक्टर मिळतील. काकांनी हात वर केला. "होल्डान! माह्या जिल्ह्यात दुखलं, माह्याच जिल्ह्यात बरं व्हाचं. इथं का मराठी माणसं नाईत? का त्याइले मन नाई?" त्याच रात्री त्यांनी दरखास्त लिहायला घेतली. या भागात मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तरी आठवड्यातून एक दिवस मराठी समजणारा मनाचा डॉक्टर द्यावा, ही विनंती. शुद्धलेखन मी तपासलं. "विनंती" खोडून काकांनी "मागणी" केलं. दरखास्तीवर शिक्का बसला. उत्तर आलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत वाट पाहून काका म्हणाले, "तोवर तूच मधात बस. सुट्ट्या लागल्या ना तुह्या?"

अशी मी दुभाषी झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीतले माझे सगळे गुरुवार त्या मागच्या खोलीत गेले. बाईंनी आधी काकांना दोनदा विचारलं, हिच्यासमोर बोलायला चालेल का? काका म्हणाले, "भिंतीपलीकडून सगळं ऐकूच येते तिले. इथं निदान खुर्चीवर बसून ऐकन."

ते काम सोपं नव्हतं. काकांना तेलुगू उत्तम येत असल्यामुळे ते माझं भाषांतर तपासत. बाई विचारत, मनात कसले विचार येतात? काका सुरू होत. मारोती कसा बैल आहे, पंचायतीनं गतिरोधक चुकीच्या जागी कसा टाकला, हल्लीचे कंडक्टर म्हाताऱ्या माणसाला हात कसा देत नाहीत. मी जमेल तसं तेलुगूत सांगे. मधेच काका मला थांबवत. "मी बैल म्हटलं. तू मनुष्य म्हटलं. बरोबर सांग."

बाई हसू आवरत लिहून घेत. तीन गुरुवार असेच गेले. परत येताना मी म्हणाले, "काका, तुमी त्याइले सगळं सांगून राह्यले, फक्त तुमचं काई सांगून नाई राह्यले." काकांनी हात वर केला, "होल्डान!"

त्याच सुमारास मारोतीच्या मुलीला, रेखाला, पाहायला वांकिडीकडचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मारोती आणि त्याची बायको काकांच्या अंगणात उभे राहिले. मारोतीचा आवाज रडवेला होता.

"दादा, उद्या फक्त ते बोलू नको. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय. घराण्यात पागलपण हाय म्हणतीन अन् उठून जातीन."

काकांनी पाण्याचा नळ बंद केला. "मले कोणी विचारलं तं मी खोटं नाई बोलणार."

"मंग येऊच नको तू."

मोठा चुलता घरात असून बैठकीला नाही, असं आमच्याकडे होत नाही. आणि रेखानंच दुसऱ्या दिवशी येऊन त्यांचा हात धरला, "मोठे बाबा आल्याबिगर मी पोह्याचा ट्रे उचलणार नाई." मी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात होते, तिथून बैठक सरळ दिसायची.

बोलणं छान चाललं होतं. मुलगा ग्रामीण बँकेत होता, मान खाली घालून बसला होता. मग त्याच्या मामानं काकांना सहज विचारलं, "तुमी काय करता मंग आता? वेळ कसा जाते?"

मारोतीनं डोळे मिटले.

काका ताठ बसले. "भाजी लावतो. अन् दर गुरुवारी आदिलाबादले मनाच्या डॉक्टरकडे जातो. माह्यं मन ठीक नाई. पोरीचं ठीक हाय, तिचा माह्या दुखण्याशी काई संबंध नाई. पण उद्या कोणाकडून आडून समजण्यापेक्षा आज माह्या तोंडून समजलेलं बरं. तुमाले चालत नसन तं आत्ता सांगा, पोहे गरम हायेत तवरच."

मामानं घसा खाकरला. मुलाचे वडील दाराबाहेर काढलेल्या जोड्यांकडे पाहू लागले. मारोतीची बायको माझ्या शेजारी पदर तोंडात कोंबून उभी होती. तेवढ्यात मुलानं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "आमाले चालते." आणि पोह्याची बशी उचलली.

निघताना मुलाची आई पाणी प्यायच्या निमित्तानं मागं आली. काका न्हाणीपाशी हात धूत होते. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, त्या बाई बायांचं बी ऐकतात का?"

काका, जे कधी हळू बोलत नाहीत, ते मला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू बोलले. "ऐकतात. मागच्या दारानं जा, तिकडून गर्दी नसते. मी कोणाले सांगणार नाई. मी फक्त माह्यंच बोंबलतो." ही गोष्ट मी इथं लिहिते आहे, कारण पुढं त्या माउलीनं स्वतःच ती लग्नात सगळ्यांना सांगितली. लग्न झालं. रेखा वांकिडीला सुखात आहे.

पण त्या बैठकीनंतरचा गुरुवार मला विसरता येत नाही. काका नेहमीसारखे आत जाऊन बसले. बाईंनी विचारलं, आठवडा कसा गेला? मला वाटलं आता पाहुण्यांची गोष्ट ऐकवतील, रंगवून. पण काका टेबलाकडे पाहत म्हणाले, "ती बाई म्हणली, बायांचं ऐकतात का."

मी ते तेलुगूत सांगितलं.

"माही बायको दहा वर्षं म्हणून राह्यली होती, माह्या जिवाले बरं वाटत नाई. सकाळी उठाची, चूल पेटवाची अन् चुलीसमोर बसूनच राहाची. मी म्हणो, तुले काय कमी हाय? घर हाय, पोरगं नोकरीले लागलं, नवरा दारू पीत नाई. काय कमी हाय तुले?"

मी तेही सांगितलं. माझा आवाज मला परका वाटू लागला.

"मंग तिनं म्हणणं सोडलं. मले वाटलं, बरी झाली. मंग ताप आला तिले, साधाच. डॉक्टर म्हणला, अंगात ताकद नाई, खातच नव्हत्या का? मले माहीत नव्हतं, ती खात होती का नाई." काकांनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. "मी इथं दिवसातून तीनदा येत होतो, मास्तरीन. रोज तीन खेपा. हजार लोकं आणून सोडले मी ह्या दवाखान्याच्या फाट्यावर. तिले एकदा बी नाई म्हटलं, चाल, बस गाडीत."

मी तेलुगूत सुरुवात केली. पहिले दोन शब्द आले, तिसरा येईना. बाईंनी हात हलवला. "वद्दु," त्या म्हणाल्या, राहू दे. "अर्थमैंदि." समजलं.

काका रडत होते. आवाज न करता, पाठ ताठ ठेवून. बाई उठल्या, खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणून त्यांच्या शेजारी बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. मला तिथं काही काम उरलं नव्हतं. मी बाहेर बाकावर येऊन बसले.

परतीच्या गाडीत काका माझ्या शेजारी होते. कापसाची रिकामी शेतं मागं जात होती. जैनदचा थांबा गेल्यावर ते म्हणाले, "बाईनं तिचं नाव विचारलं. मले सांगता येईना लवकर. चाळीस वर्षांत मी तिले नावानं कधी हाक मारली नव्हती."

मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी राहत होते. त्यांच्या बायकोच्या हातची आंबाडीची भाजी शेकडो वेळा खाल्ली होती. तिला काकू म्हणत होते. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, तिचं नाव मलाही माहीत नव्हतं.

"काय होतं, काका?"

गाडी भरलेली होती. काकांनी नेहमीचा आवाज लावला, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा, आणि म्हणाले, "अनसूया!"

दोन-चार माणसांनी मागं वळून पाहिलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा, सावकाश, म्हटलं.