बोलकं झाकण

त्या बाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण 'हो' म्हणायची छाती नव्हती आणि 'नाही' म्हणायला जीभ रेटत नव्हती. पत्राबरोबर खोक्यातून पोचा पडलेलं एक ॲल्युमिनियमचं झाकण आलं होतं. बाईंच्या दिवंगत भावाच्या जुन्या विमानाच्या इंजिनावरचं. 'तुम्ही हे काम शिकताय असं कळलं. हेच नीट करून हवंय, नवं नको. जमेल?'

निवृत्तीनंतर ग्रंथपाल पत्रा ठोकायला शिकत होते. पुस्तकं वाचून झाली होती. हात मात्र अजून प्रस्तावनेतच होता. आधी जमवू, मग कळवू, असं ठरवून त्यांनी झाकण वाळूच्या पिशवीवर ठेवलं आणि लाकडी मोगरीनं ठोकायला घेतलं. पोचा गेला. तरी मन भरेना, म्हणून आणखी ठोकलं.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातून आवाज आला. टक्क.

"अहो, कोणीतरी आलंय," बायको म्हणाली.

दारात कोणी नव्हतं. ढग आला, पुन्हा टक्क. भिंतीला टेकलेलं झाकण तेवढं होतं.

"कोणाचं म्हणालात हे?"

"बाईंच्या भावाचं."

"भाऊ कुठे असतात?"

"नसतात."

बायकोनं खुर्ची जरा लांब सरकवली. पण माणूस कशालाही सरावतो. आठवड्याभरात ती झाकणाला विचारू लागली, "चहा घेणार?" टक्क. "साखर?" गप्प. "बघा, मधुमेह असणार."

ग्रंथपाल मात्र झाकणाकडे पाठ करून जेवू लागले. शेवटी त्यांनी शिकवणाऱ्या मास्तरांनाच बोलावलं.

मास्तरांनी अंगठ्यानं झाकण दाबलं. टक्क, आत. सोडलं. टक्क, बाहेर. "काका, भूतबीत काही नाही. तुम्ही ठोकून ठोकून पत्रा ताणलाय. जास्तीचा पत्रा जाणार कुठे? ऊन लागलं की फुगतो, सावली आली की बसतो."

त्यांनी झाकण तापवून कडेकडेनं आवळलं. ते गुळगुळीत झालं आणि गप्प बसलं. बायकोला दोन दिवस करमलं नाही.

उत्तर येईना म्हणून बाईच आल्या. झाकण मांडीवर घेऊन उन्हात बसल्या. बराच वेळ बसल्या.

"वाजत नाही हे?"

"वाजत होतं, बंद केलं," नेमके तिथे आलेले मास्तर ऐटीत म्हणाले.

"भाऊ होता तेव्हा वाजायचं. तो गेला त्या दुपारी गप्प झालं. पोचाही त्याच दिवशी पडला. विमानाच्या शेडला तर कुलूप होतं."

मास्तरांची ऐट उतरली. "बाई, मला आवाज घालवता येतो. आणायचा कसा, ते मी कधी शिकलोच नाही."

सगळ्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. बाई झाकण तिथेच ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी मोगरी उचलली आणि पूर्वीसारखंच, गरजेपेक्षा जास्त ठोकलं. झाकण भिंतीला टेकवलं. वाट पाहिली.

टक्क.

"या," आतून बायको म्हणाली.

ग्रंथपालांनी कार्डावर एवढंच लिहिलं, 'जमलं.' सकाळपासून आभाळ गच्च होतं, उन्हाचा कवडसाही पडला नव्हता, हे लिहिलं नाही. आणि हात आखडायच्या आत कार्ड टपालपेटीत टाकलं.