लाल जाहलेल्या कांडीची आणि न पेटलेल्या ओव्हनची हकिकत

तक्रार-निवारण दफ्तराचे मुख्य अंमलदार, दिमतीस शंभर फोन आणि फोनागणिक अर्धा तास संगीत बाळगणारे, यांस रोखठोक मजकूर ऐसा जे, तुम्ही खोटे लिहिले. नजरचुकीने नव्हे, घाईगर्दीत नव्हे, जाणून लिहिले. सोमवारी दुपारी "तक्रार निवारली, ग्राहक समाधानी" ऐसा शेरा तुमचे दफ्तरी पडला, ते समयी ग्राहक ओव्हनपुढे गुडघे टेकून बसला होता आणि ओव्हन पाण्याच्या माठासारखा गार होता. सबब खरे काय जाहले ते साद्यंत लिहितो. वाचून होईतो खुर्ची सोडू नये.

दुसऱ्या मजल्यावरील आठ फूट बाय नऊ फुटांचे स्वयंपाकघर, तेथील राज्य बाईसाहेबांचे. बाईसाहेब पेशजी शिलाईच्या कारखान्यात अकरा साल चाकरीस होत्या, मग कारखान्यास कुलूप पडले, आणि मग त्यांनी दोन साल घरी राहोन पाव भाजण्याची विद्या हस्तगत केली, आणि त्या विद्येचे आरंभीचे दगडधोंडे भक्षून त्यांचे यजमान रावसाहेब, शाळेत भूगोलाचे मास्तर, यांनी दातांची शर्थ केली. मग यश आले. वाचनालयाच्या उपाहारगृहाच्या व्यवस्थापिकाबाईंचे फर्मान आले की, येत्या शनिवारी दुपारी चारास साठ बन नमुन्यादाखल हजर करावे, पसंत पडल्यास रोजचे काम तुमचे, न पडल्यास यंत्रावर पाव करणाऱ्या कारखान्याचे. बाईसाहेबांनी फर्मान तीनदा वाचले आणि भिंतीस चिकटवले. दोन सालांत बाहेरून आलेले हे पहिलेच बोलावणे होते.

त्याच दिवशी ओव्हन फितूर जाहला. त्या यंत्राचा शिरस्ता ऐसा की, बटण फिरवावे, मग आतली बोटभर कांडी, जीस इग्नायटर म्हणतात, ती वीज पिऊन लाल व्हावी, आणि तिजमधून पुरती वीज वाहिली म्हणजे व्हॉल्व्हने गॅसास वाट द्यावी, आणि मग ज्वाळा उठावी. त्या दिवशी कांडी लाल जाहली आणि लालच राहिली. पाच मिनिटे लोटली, दहा लोटली, आत काळोखात एक तांबडी रेघ आणि बाहेर फुगून परातीबाहेर निघालेले पीठ, ऐसा बिकट प्रसंग गुदरला.

रावसाहेबांनी काडेपेटी मागविली. बाईसाहेबांनी तत्काळ हुकूम केला की, काडेपेटी या घरात आजपासून जप्त, आणि ती जप्त करोन पिठाच्या डब्यात घातली. मातोश्री, म्हणजे रावसाहेबांच्या जन्मदात्या, स्टुलावर बसोन हे पाहत होत्या, त्या बोलल्या, "अरे, वर्गात पोरांना ज्वालामुखी शिकवतोस ना? मग घरातला एवढा पेटव की!"

मग तुम्हांस फोन केला. संगीत ऐकले. पुन्हा केला, पुन्हा ऐकले. तिसऱ्या फोनास कारागीर पाठवतो ऐसे अभय मिळाले, आणि सोमवारी तुमचा कारागीर, पाठीस पिशवी आणि कानास यंत्र लावून दाखल जाहला. त्याने ओव्हनचे दार उघडले, बटण फिरवले, कांडी लाल जाहलेली पाहिली आणि दार लावले. इतकीच लढाई. स्क्रू एक काढला नाही.

"मॅडम, इग्नायटर ओके आहे. लाल होतोय ना? व्हॉल्व्ह गेलाय. त्याचा पार्ट येत नाही आता. नवीन ओव्हन घ्या."

"अहो, पण निदान उघडून तरी बघा!"

"उघडलं तर तुमचीच जबाबदारी. तुम्हाला फोनवर चार आकडे आलेत ते सांगा. भेट झाली एवढंच नोंदवायचंय."

बाईसाहेबांनी चार आकडे सांगितले. भोळेपणाने सांगितले, आणि तो जिना उतरून जाण्याआधी फोनावर खलिता आला की, आपली तक्रार समाधानकारक रीतीने निवारली असे, तरी पाच तारे द्यावे. किल्ला न लढता, फक्त दाराशी पाणी पिऊन, किल्लेदाराच्याच सहीने सर केल्याचे हे नवे युद्धशास्त्र तुमचे दफ्तरी शिकवतात, हे त्या दिवशी कळले. बाईसाहेब बहुत दिलगीर जाहल्या. भिंतीवरचे फर्मान काढायला उठल्या, एक कोपरा उचकटला, आणि मग काय मनात आले, तो पुन्हा दाबून बसवला.

मंगळवारी कुमक आली. खालच्या मजल्यावरचे लिफ्टवाले काका, तीस साल लिफ्टा दुरुस्त करोन निवृत्त जाहलेले, यांस मातोश्रींनी जिन्यात गाठून सर्व वर्तमान बयाजवार सांगितले. काका विजेचा करंट मोजणारा चिमटा-मीटर घेऊन आले, आणि त्यांनी ओव्हनच्या तळाचा पत्रा काढविला, आणि कांडीच्या तारेस चिमटा लावून बटण फिरवविले. कांडी लाल जाहली. मीटरावर सव्वादोन अँपिअर आले. व्हॉल्व्ह उघडण्यास तीनाच्या वर लागतात.

"बघितलंस, मास्तर? लाल आहे, पण दम नाही. आमच्या जुन्या साहेबासारखं. तोंड लाल, काम शून्य. व्हॉल्व्ह बिचारा हुकमाची वाट बघत बसलाय."

मग काकांनी भिंग लावून कांडीवरचा नंबर उतरविला, आणि रावसाहेबांनी परमुलखातील सुट्या भागांच्या पेढीस मागणी धाडिली, आणि शुक्रवारी नवी कांडी कापसात गुंडाळलेली, बोटाएवढ्या डबीत, घरी पोहोचली. ती मातोश्रींनी सही करोन घेतली. पुढील अनर्थाचे मूळ हेच.

शनिवार सकाळी नवास काका हत्यारांनिशी हजर जाहले. डबी मागितली.

"जपून ठेवलीय," मातोश्री म्हणाल्या.

"कुठे?"

"जपूनच ठेवलीय म्हटलं ना!"

त्या घराण्यात जपून ठेवलेली वस्तू सापडल्याचा दाखला तीन पिढ्यांत नाही. घराच्या दस्तापासून रावसाहेबांच्या दुधाच्या दातापर्यंत सर्व काही जपून ठेवलेले आहे आणि कोठे ते कोणास ठाऊक नाही. मग चौफेर धाडी पडल्या. कपाटे, गाद्या, शिवणाचा डबा, औषधांचा डबा, तांदळाचा डबा, सर्व मुलूख उलथापालथा जाहला, आणि साडेदहा वाजले. साठ बनांचे पीठ ओल्या फडक्याखाली चढत होते, आणि ते पीठ कोणासाठी थांबत नाही. बाईसाहेब फडके उचलीत, पाहत, पुन्हा झाकीत. ते पाहोन मातोश्रींचे तोंड उतरले.

"मी एवढी जपते, आणि माझ्याच हातून..." इतके बोलून त्यांनी औषधांचा डबा पुन्हा उलथा केला.

मग काका म्हणाले की, डबी सापडेतो जुनी कांडी तरी काढून ठेवू, आणि त्यांनी ओव्हनचे दार उघडले. आत वसाहत वसली होती. काकांनी मंगळवारी पत्रा बसवून पाठ फिरविली, तेव्हांपासून मातोश्रींनी रिकामी जागा वाया जाते म्हणोन दोन कढया, तीन तवे, एक चाळण आणि लोणच्याची बरणी तेथे नेऊन ठेविली होती. रावसाहेब एकेक भांडे बाहेर काढू लागले. थोरल्या कढईत धाकटी कढई, धाकटीत वाटी, वाटीवर झाकण, आणि झाकणाखाली डबी. ज्या किल्ल्यावर तोफ डागावयाची त्याच किल्ल्याच्या पोटात दारूगोळा!

"बंद पडलेल्या ओव्हनला कोण हात लावणार, म्हणून तिथे ठेवली," मातोश्री बोलल्या. "विचार चुकीचा होता का?"

विचार चुकीचा नव्हता, हे येथे नमूद करणे न्यायाचे आहे.

मग गॅसचा कॉक बंद केला, आणि विजेचा प्लग उपटला, आणि पत्रा निघाला, आणि दोन स्क्रू, त्यांतील एक गंजलेला, त्याने पाऊण तास झुंज दिली. नवी कांडी बाहेर येताच मातोश्री पदर सरसावून पुढे जाहल्या.

"वहिनी, हात नाही लावायचा!" काका ओरडले. "बोटाचं तेल लागलं तर तडकते ती."

"अहो, पुसून देते. कुठकुठून फिरून आलीय!"

बाईसाहेबांनी सासूबाईंचा हात धरिला आणि स्टुलावर बसविले, आणि मग तो हात सोडलाच नाही. काकांनी कापसाने धरोन कांडी बसविली, तारा जोडिल्या, पत्रा लाविला. कॉक उघडला. प्लग लाविला. बटण बाईसाहेबांनीच फिरवावे ऐसा ठराव जाहला.

कांडी लाल जाहली. सर्व मोजू लागले. दहा. वीस. लालाची नारिंगी जाहली. तीस. नारिंगीची पिवळी जाहली. रावसाहेब मोजताना चुकले, त्यांस मातोश्रींनी चापटी मारिली. अडतिसास आत "भुप्" ऐसा आवाज होऊन निळी ज्वाळा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली.

बाईसाहेब खाली बसल्या आणि दाराच्या काचेतून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, चहा टाकते," आणि उठून आधी बन आत सारले.

चारास सात मिनिटे असता साठ बन वाचनालयी दाखल जाहले. व्यवस्थापिकाबाईंनी एक उचलून उलटा केला आणि तळ पाहिला. तळ सर्व बाजूंनी सारखा तांबूस होता. "सोमवारपासून रोज साठ. सकाळी आठला," ऐसा हुकूम जाहला. रावसाहेबांनी भूगोलाच्या वहीत तारीख, वार, वेळ लिहून काका आणि मातोश्री यांच्या साक्षीने नोंद केली की, शनिवारी मोहीम फत्ते जाहली, माणूस दगावले नाही, लोणच्याची बरणी मात्र फुटली.

आता तुमचा जाब. जुनी कांडी या खलित्यासोबत डबीतून पाठविली आहे. तीस आजही वीज द्यावी, ती लाल होते. तुमच्या कारागिरास दाखवावी. तो पुन्हा "ओके" म्हणेल, आणि त्याचा दोष निम्माच, कारण स्क्रू न काढता दिवसाकाठी किती घरे उरकावी याचा आकडा त्यास तुम्हीच बांधून देता. बाकीचा निम्मा दोष कोणाचा, तेच विचारतो. बाईसाहेबांनी चार आकडे दिले ते "भेट झाली" म्हणून. त्याच आकड्यांचे "समाधान जाहले" कोणी केले? कोणाच्या हुकुमाने? नाव आणि हुद्दा लिहून कळवावे. फोन करू नये, संगीत ऐकून जाहले आहे.