बिराप्पा हवालदाराचं प्यानिक

आमच्या शेजारचा बिराप्पा हवालदार महायुद्धावरून परतला तो ट्रंकेबरोबर एक इंग्रजी शब्द घेऊन. प्यानिक. दूध उतू जाऊ लागलं की बायको धावायची आणि हा पडवीतून बजावायचा, ‘‘तानू, प्यानिक न्हाई व्हायचं.’’ तोवर दूध चुलीत.

मी गावचा मास्तर, पण या शब्दाचं मूळ त्यानंच मला सांगितलं. ‘‘ग्रीस देशात आमची पलटण व्हती. तितल्या एका म्हाताऱ्या मेंढक्याकडनं कळलं. त्यांचा एक देव हाय, प्यान. पाय बोकडाचं, हातात पावा. भर दुपारी वरडला की कळप उगाच उधळतोय. त्यावरनं प्यानिक.’’

‘‘भाषा कशी कळली तुम्हाला?’’

‘‘दुभाषा व्हता. पण त्याला शेरडातलं काय कळंना, म्हणून गप बसवला.’’ मग आवाज उतरवून म्हणाला, ‘‘आपल्या बिरोबाचा पावणा असंल त्यो. लांबचा.’’

विट्याच्या बाजारात एकदा बैल सुटला. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. बिराप्पा रस्त्याच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना शांत करू लागला. बैलानं त्याला उचलून वांग्यांच्या ढिगात टाकलं. तिथूनच तो मला म्हणाला, ‘‘मी न्हाई झालो, मास्तर. बैल झाला.’’

पुढं सर्जेरावानं जवळच्या रानात विहीर काढायला घेतली. पहिला सुरुंग उडाला तेव्हा बिराप्पा माझ्याशी बोलत होता. मी वळून पाहिलं तर जागेवर नाही. सापडला तो त्याच्या मेंढरांच्या वाड्यात. दोन्ही हात पसरून कोकरांवर पालथा पडलेला. तानू त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. ‘‘तुमी जावा मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘हुतील बरं.’’

त्यानं मान उचलली नाही. ‘‘त्या म्हाताऱ्याच्या कळपावर बाँब पडला. त्यो कळपातच व्हता.’’

संध्याकाळी तो पलटणीचा कोट चढवून सर्जेरावाकडं गेला. ‘‘सुरुंग लावायच्या आदी सांगत जा. कोकरं लय भित्री हायती. लांब न्यावी लागत्यात.’’

सर्जेराव गावातला नंबर एकचा चेष्टेखोर. पण तो नुसतं ‘‘व्हय’’ म्हणाला.

मग निरोप आला की बिराप्पा कोकरं घेऊन टेकडीपलीकडं जायचा. कोकरांची मेंढरं झाली, तानूबरोबर चरायला जाऊ लागली. विहिरीला पाणी काही लागेना. सर्जेरावाचा निरोप मात्र दर सुरुंगाआधी यायचा, ‘‘हवालदार, कोकरं न्यायची येळ झाली.’’

आणि बिराप्पा एकटाच, रिकाम्या हातानं, टेकडीपलीकडं निघायचा.