नाव न घेता

एका जंगलात, मुलांनो, बोलणं फार होतं. पाणी कमी होतं, गवत बेताचं होतं, पण बोलणं पुरून उरायचं.

संध्याकाळी सगळी जनावरं डोहावर जमत आणि जो आला नसेल त्याच्याबद्दल बोलत. त्यामुळे हजेरी चांगली असे. काही जनावरं तर तहान नसतानाही येत, आणि शेवटचं जनावर उठेपर्यंत उठत नसत. आधी उठणं परवडत नसे.

हे मी जरा वाढवून सांगतो आहे का? असेन. पण थोडंच.

त्या जंगलात एक हुदहुद राहायला आला. हुदहुद म्हणजे डोक्यावर तुरा आणि लांब चोच असलेला पक्षी. फार पूर्वी या पक्ष्याने सुलेमान पैगंबरांचा निरोप पोचवला होता. तो आपलाच पूर्वज, असं हा हुदहुद कधी सांगत नसे. कुणी विचारलं तर नाही म्हणत नसे, एवढंच.

तो बरीच वर्षं गावातल्या मशिदीच्या अंगणात, कडुलिंबावर राहिला होता. इमामसाहेबांचं दर शुक्रवारचं बयान, म्हणजे प्रवचन, त्याने फांदीवर बसून ऐकलं होतं. ऐकलेलं त्याला खरंच पटलं होतं. असे श्रोते थोडे असतात. जंगलात आल्यावर तो दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, डोहाकाठच्या जांभळीवर बसून चार चांगल्या गोष्टी सांगू लागला. जनावरं त्याला हुदहुद चाचा म्हणत.

एका जुम्म्याला तो म्हणाला, "आपल्या भावाच्या पाठीमागे त्याचे दोष बोलणं, याला गीबत म्हणतात. गीबत करणं म्हणजे आपल्या मेलेल्या भावाचं मांस खाणं. तुमच्यापैकी कुणाला आवडेल का ते?"

गावात या प्रश्नाला लोक कानाला हात लावायचे. म्हणून हुदहुद थांबला.

"आवडेल," मागून आवाज आला.

तो शमशू तरस होता. मेलेली जनावरं खाणं हा त्याच्या घराण्याचा पिढीजात उद्योग होता. त्याला प्रश्न विचारला आहे असं वाटलं, म्हणून त्याने उत्तर दिलं.

"भाऊ असला तरी?" हुदहुदने विचारलं.

शमशूने विचार केला.

"आधी रडेन," तो म्हणाला.

जनावरं एकमेकांकडे पाहू लागली. हुदहुदने घाईघाईने पुढचा मुद्दा घेतला.

"पण चाचा," खैरूनबी साळुंकी म्हणाली, "दोष खरा असला तर?"

"खरा असला तरच ती गीबत, खैरूनबी. खोटा असला तर ती तोहमत. तिचं पाप आणखी मोठं."

"म्हणजे खरंही बोलायचं नाही, खोटंही बोलायचं नाही?"

"पाठीमागे नाही."

"मग पाठीमागे बोलायचं तरी काय?"



"कुणाला शंका असली," हुदहुद शेवटी म्हणाला, "तर माझ्याकडे येऊन मसला विचारा."

"मसाला कशाला?" शमशू म्हणाला. "मांस तसंच चांगलं लागतं."

"मसला, शमशूभाई. धर्माने कसं वागावं याची अडचण. ती विचारताना मात्र कुणाचं नाव घेऊ नये."

त्या दिवसापासून जंगलात शांतता पसरली. डोहावर जनावरं यायची, पाणी प्यायची, एकमेकांकडे बघायची आणि जायची. बेडकांना आपला आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. तो त्यांना आवडला नाही.

उन्हाळा वाढला. शमशूच्या बिळाजवळचा झरा आटला. त्याच्या बायकोला नुकतीच पिल्लं झाली होती. बीळ डोहापासून लांब, मधे सगळा तापलेला खडक. पिल्लं अजून चालत नव्हती आणि पाण्यावाचून त्यांच्या आईचं दूध उतरेनासं झालं होतं. डोहाला लागून एक कपार होती. गार, सावलीची, रिकामी. ती मिळाली तर पिल्लं जगणार होती.

शमशू जंगलाच्या जमातीचे सदर, म्हणजे प्रमुख, गफूरसाहेब यांच्याकडे गेला. गफूरसाहेब साळिंदर होते. त्यांच्याशी बोलताना जरा अंतर ठेवूनच उभं राहावं लागे.

"कपार द्या, सदरसाहेब. पावसाळ्यापर्यंत."

"जुम्म्याला जमातीपुढे ठेवू."

"पिल्लं फार लहान आहेत."

"जुम्मा काही लांब नाही, शमशूभाई. सबुरी ठेवा. सबुरीचं फळ गोड असतं."

शमशू फळं खात नसे, पण तो बरं म्हणाला.

त्याच आठवड्यात आटलेल्या नदीच्या वाळूतली कासविणीची अंडी नाहीशी झाली.

अंडी कुणी खाल्ली ते मला माहीत आहे. तो प्राणी अंगाने लांबट आहे आणि सापांशी भांडतो. याहून जास्त मी बोलणार नाही.

वाळूवर मात्र शमशूच्या पायांचे ठसे होते. पाणी शोधायला तो तिथून गेला होता. ते ठसे पहिल्यांदा खैरूनबीने पाहिले. तिने चोच घट्ट मिटली. घरी गेली, पिल्लांना किडे भरवले, परत आली, पुन्हा ठसे पाहिले. शेवटी ती जांभळीवर गेली.

"सलाम, चाचा. मला गीबत करायची नाही. मला मसला विचारायचा आहे."

हुदहुदला फार बरं वाटलं. आजवर त्याला कुणी मसला विचारला नव्हता.

"विचार ना, बेटी."

"समजा, एक जनावर आहे."

"कोणतं?"

"नाव कसं घेऊ? समजा, त्याची पाठ मागे उतरती आहे. समजा, अंगावर पट्टे आहेत. समजा, ते हसतं. आणि समजा, जिथून अंडी गेली तिथे त्याच्या पायांचे ठसे आहेत. तर अशा जनावराला शेजारी घ्यावं का?"

हुदहुदने डोळे मिटले. विद्वान पक्षी प्रश्न ऐकताना प्रश्नच ऐकतो. कुणाची पाठ, कुणाचे पट्टे, याकडे त्याचं लक्ष नसतं. असं होतं. मला माहीत आहे.

"घर घेण्याआधी शेजारी पाहावा, असं मोठ्यांनी सांगून ठेवलं आहे," तो म्हणाला.

खैरूनबी थेट डोहावर गेली.

"चाचांनी सांगितलंय, शेजारी बघून घ्या."

"कोण शेजारी?" लतीफ सशाने विचारलं.

"नाव घ्यायला मना आहे."

"पाठ उतरती आहे का?"

"मी हो म्हटलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी जांभळीखाली रांग लागली. माकडाचा मसला होता, भेकराचा मसला होता, घोरपडीचा तर फारच नाजूक मसला होता. लतीफ ससा दोनदा येऊन गेला.

"समजा चाचा, एखाद्याने चारचौघांत कबूल केलं की त्याला मेलेला भाऊ आवडतो. तर त्याच्याजवळ आपली मुलं खेळायला पाठवावीत का?"

"मुलांना चांगली संगत असावी, लतीफ."

"बस. एवढंच पाहिजे होतं."

हुदहुदच्या डोळ्यांत पाणी आलं. जंगलाला दीनाची, म्हणजे धर्माची, गोडी लागली, असं त्याला वाटलं. तो प्रत्येकाला नीट, सावकाश उत्तर देई. त्याची उत्तरं बरोबरच होती. ती कुणाबद्दल होती, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

आणि मुलांनो, एकाही जनावराने शमशूचं नाव घेतलं नव्हतं. पूर्वी त्याच्याबद्दल वाईट बोललं जाई, तेव्हा कुणीतरी म्हणे, "नाही हो, तेव्हा तर मी त्याला दुसरीकडेच पाहिलं." आता कुणी काही बोललंच नव्हतं. त्यामुळे कुणाला ते खोडताही येत नव्हतं.

शमशूला मात्र बदल जाणवत होता. वाटेत भेटलेली जनावरं थांबत, त्याच्याकडे दयेने बघत.

"अल्लाह तुला हिदायत देवो, सरळ वाट दाखवो, शमशूभाई."

"तुम्हालाही," शमशू म्हणे.

"काय म्हणतात हो लोक?" बायको विचारी.

"काही नाही. फार प्रेमाने बोलतात. जंगल सुधारलं, बघ. कपार मिळाली असंच समज."

जुम्म्याच्या आदल्या दिवशी तो आभार मानायला हुदहुदकडे गेला.

"चाचा, तुमच्यामुळे माझी निंदा बंद झाली. पूर्वी मी आलो की लोक गप्प व्हायचे. आता आधीपासूनच गप्प असतात."

आणि तो हसला. हुदहुदने त्याचं हसणं ऐकलं. मग त्याचे पट्टे पाहिले. मग पाठ पाहिली. हुदहुदच्या तुऱ्याची सगळी पिसं एकदम उभी राहिली.

"काय झालं, चाचा?"

"काही नाही. वारा."

वारा नव्हता.

शमशू गेल्यावर हुदहुद जांभळीवर येरझारा घालू लागला. शमशूला सांगावं, तर ती चुगली होईल. एकाचं दुसऱ्याला सांगून मनं फिरवणं हे मोठं पाप. गफूरसाहेबांना सांगावं, तर खैरूनबीचं नाव घ्यावं लागेल, आणि तीही गीबतच. सर्वांसमोर खैरूनबीला विचारावं, तर तिची बेअब्रू होईल. जिकडे पाय टाकावा तिकडे त्याला काहीतरी मना असल्याचं आठवे. जास्त ऐकलेल्यांची ही पंचाईत असते. कमी ऐकलेला पक्षी सरळ उठून शमशूकडे गेला असता, असं मला कधी कधी वाटतं. पण माझं चुकतही असेल.

शेवटी त्याला आठवलं की ज्याच्याबद्दल मनात मळ असेल त्याच्यासाठी दुआ मागावी, म्हणजे मन साफ होतं. हे इमामसाहेबांनी स्वतः सांगितलं होतं. त्यात कुठलंच पाप नव्हतं.

जुम्म्याला सगळं जंगल जमलं. ज्याचा अर्ज असेल त्याला पुढे बसवायची पद्धत होती, म्हणून शमशू अगदी पुढे बसला. तो आंघोळ करून आला होता. पाणी कुठून आणलं कोण जाणे.

"आज आपण दुआ मागू," हुदहुद म्हणाला. "ज्या भावाबद्दल तुमच्या मनात काही असेल, त्याच्यासाठी."

"मी मागतो," गफूरसाहेब म्हणाले. सदर या नात्याने तो त्यांचा मान होता. त्यांनी पंजे वर केले. सगळ्यांनी आपापलं जे असेल ते वर केलं.

"या अल्लाह, आमच्यात एक जनावर आहे. नाव तुला ठाऊक आहे."

"आमीन," जंगल म्हणालं.

"दुसऱ्यांची अंडी खाणाऱ्या त्या जनावराला हक्काचं खाण्याची बुद्धी दे."

"आमीन."

"दुसऱ्यांच्या दुःखात हसणाऱ्या त्या जनावराच्या मनात तुझं भय घाल."

"आमीन," शमशू म्हणाला. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"त्याची पिल्लं निष्पाप आहेत, मालिक. त्यांना बापाच्या वळणावर जाऊ देऊ नकोस."

शमशूचे डोळे भरून आले. त्यालाही पिल्लं होती.

"आमीन, आमीन," तो म्हणाला.

हुदहुदने चोच उघडली. पण दुआ चालू असताना मधे बोलू नये, हेही त्याला माहीत होतं. त्याने चोच मिटली.

दुआ संपली. शमशूने डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या सशाला हळूच विचारलं, "बिचारा. कोण हो तो, लतीफभाई?"

"नाव कसं घेऊ?" लतीफ म्हणाला. "गीबत होईल."

"बरोबर आहे तुमचं," शमशू म्हणाला.

गफूरसाहेब खाकरले. "आता कपारीचा विषय."

शमशू उभा राहिला.

"सदरसाहेब, जमातीला माझी एक विनंती आहे. माझं काय, मी धडधाकट आहे. पण एवढी दुआ ज्याच्यासाठी मागावी लागते, तो फारच वाया गेलेला असणार. त्याच्या पिल्लांचं कसं होणार? कपार त्याला द्या. तुमच्या नजरेसमोर राहील. चांगल्या संगतीत सुधारेल."

खैरूनबीने पंखात तोंड खुपसलं. लतीफने गवताची काडी चघळायला घेतली. त्या जनावराला कपार द्यावी, तर ती शमशूला द्यावी लागत होती. देऊ नये, तर का नाही ते सांगावं लागत होतं.

"त्याला... आत्ताच देता येणार नाही," गफूरसाहेब म्हणाले.

"का?"

"कारण सांगणं योग्य होणार नाही."

"मग सुधारला की द्या. तोवर त्याच्यासाठी राखून ठेवा."

गफूरसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. यात कुणाचंच काही वाईट होत नव्हतं.

"मंजूर," गफूरसाहेब म्हणाले. "जमातीला तुमच्या मनाच्या मोठेपणाचा अभिमान वाटतो, शमशूभाई."

"शमशूभाई—" हुदहुद वरून म्हणाला.

"जी, चाचा?"

सगळं जंगल वर पाहू लागलं. हुदहुदचा तुरा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"खुदा हाफिज," हुदहुद म्हणाला.

डोंगरापलीकडे पाणी आहे असं शमशूने ऐकलं होतं. त्याच दिवशी ऊन थोडं उतरल्यावर तो पिल्लांना तोंडात धरून निघाला. मागे बायको. खडक अजून तापलेला होता. जाताना त्याने भेटेल त्या जनावराला सलाम केला, आणि प्रत्येकाने त्याला दुआ दिली.

ती सगळी पिल्लं डोंगरापलीकडे पोचली की नाही, हे मला सांगता येत नाही. त्या जंगलातल्या कुणालाच सांगता येत नाही. कुणी जाऊन पाहिलं नाही. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींची चौकशी करू नये, हे हुदहुद चाचांनी पुढच्याच जुम्म्याला फार सुंदर समजावून सांगितलं होतं. सांगताना त्यांचा आवाज मधेच बसला. खैरूनबी म्हणाली, किती कळकळीने बोलतात.

कपार रिकामी आहे. तिथून जाताना जनावरं आवाज खाली आणतात.

तात्पर्य : कुणाच्या पाठीमागे त्याचं वाईट बोलू नये. त्याला पुढे बसवावं, हात वर करावेत, आणि मग बोलावं.