एक बोट आणि चार सिद्धांत

'नैतिक तत्त्वज्ञानाची ओळख' या विषयाची वार्षिक परीक्षा अत्यंत शिस्तीत सुरू असताना खारूचं बोट बाकात अडकलं. बाकाच्या लोखंडी पट्टीला एक भोक होतं. ते कशासाठी आहे हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यात एकदा तरी बोट घालून बघणं प्रत्येकाला आपलं काम वाटायचं. इतकी वर्षं बोटं आत जात होती, बाहेर येत होती. आज खारूचं उजव्या हाताचं बोट गेलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

"भिंगरे, अडकलं गं," खारू कुजबुजली.

"काय?"

"बोट. माझं. दुसऱ्या कोणाचं असणार?"

"घातलंस कशाला मग?"

"विचार करत होते!"

भिंगरीला या वेळी व्यत्यय अजिबात परवडणारा नव्हता. मागच्या वर्षापर्यंत ती हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. पण चांगलं काय आणि वाईट काय यावर बोलायला लागलं की कोणालाही गप्प बसवता येतं, हा शोध तिला याच विषयात लागला. हल्ली आई 'दूध पी' म्हणाली की भिंगरी विचारायची, "कोणत्या तत्त्वावर?" आणि आई दूध स्वतःच पिऊन टाकायची. यंदा पहिला नंबर भिंगरीचाच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सगळ्यांच्या आधी तिने.

शिवाय समोर सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न होता: 'तुमच्या शेजारची व्यक्ती संकटात आहे. तुम्ही काय कराल? सिद्धांतांच्या आधारे सविस्तर लिहा.'

तिने लिहायला घेतलं. शेजारी खारू भोकाड पसरण्याच्या बेतात होती.

नीतिशास्त्राचे सर आले. सर कर्तव्यवादी होते. म्हणजे परिणाम काहीही होवो, नियम तो नियम.

"सर, हिला जरा सोडवू का?" भिंगरीने विचारलं.

"परीक्षेत जागा सोडायची नाही. नियम मोडण्याआधी स्वतःला विचार, उद्या सगळेच असं वागले तर?"

"पण सर, सगळ्यांची बोटं कुठे अडकलीत?"

"आज नाहीत. तत्त्वाला आजचा दिवस दिसत नसतो."

तेवढ्यात फेरीवर निघालेल्या मोठ्या बाई आत आल्या. बाई परिणामवादी. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, एवढं एकच त्या मोजत.

"एका पारड्यात एक बोट, दुसऱ्यात अख्ख्या वर्गाचे गुण. दुखतंय किती?"

"खूप, बाई!"

"खूप हे काही माप नाही. आणि हे बघ, तू रडतेस त्याने बाकीच्यांचं सुख कमी होतंय. जरा हळू रडलीस तर एकूण बेरीज वाढेल." बाईंनी खारूच्या डाव्या हातात रुमाल दिला आणि तो तिच्याच तोंडावर दाबून धरायला लावला. बेरीज लगेच वाढली.

गडबड ऐकून शेजारच्या वर्गातून संगीताच्या बाई धावत आल्या. त्यांचा ओढा सद्गुणांकडे.

"काय करावं हा प्रश्नच चुकीचा," त्या म्हणाल्या. "आपण कसं व्हावं, हे महत्त्वाचं." त्यांनी चेहऱ्यावर करुणा आणली. ती यायला थोडा वेळ लागला, पण आली तेव्हा अस्सल होती. मग भित्रेपणा नको आणि आततायीपणाही नको, म्हणून त्यांनी बोट मध्यम जोराने ओढलं. बोट टम्म फुगलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "खारू, निळं झालंय की जांभळं? उत्तरात उदाहरण देतोय."

आता तिघांत मतभेद झाले, म्हणून करारवादाचा आधार घ्यायचं ठरलं. सगळ्यांना मान्य होईल तोच न्याय! सर म्हणाले, "डोळे मिटा. आपण कोण आहोत हे विसरा. समजा, ते बोट तुमचंही असू शकतं. आता परीक्षा थांबवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. आपण कोण हे कोणीच विसरलं नाही. खारूचा एक हात बाकात आणि दुसरा रुमालावर, त्यामुळे तिचं मत धरता आलं नाही. ठराव एकमताने फेटाळला गेला.

भिंगरीनेही हात वर केला नव्हता. तिचं वाक्य रंगात आलं होतं: 'अशा वेळी मी क्षणाचाही विलंब न लावता...' पुढे 'धावून जाईन' लिहावं की 'झेप घेईन', यावर ती अडली. झेप घेईन जास्त शोभतं का, हे बघायला तिने सहज मान वर केली. रुमालाच्या वर खारूचे दोन डोळे होते. ते तिच्याकडेच बघत होते.

भिंगरीने पेन खाली ठेवलं.

"कुठे निघालीस?" सर ओरडले. "बाहेर गेलीस तर परत आत घेणार नाही!"

"नका घेऊ!"

ती नळावर गेली, साबणाची अख्खी वडी चोळून ओंजळभर फेस केला आणि व्हरांड्यातून त्यांच्या बाकालगतच्या खिडकीपाशी आली. गजांतून हात घालून तिने फेस त्या बोटावर थापला. दोघींनी मिळून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पिरगाळलं. पच्च! बोट बाहेर. खारू खिडकीला लटकून खिदळायलाच लागली, आणि भिंगरीही, कोपरापर्यंत फेस माखलेली.

निकाल लागला. वर्ग उत्कृष्ट गुणांनी पास. प्रत्येकाने लिहिलं होतं की मी सर्वांत आधी मदतीला धावेन, आणि तीनतीन सिद्धांतांनी सिद्धही केलं होतं. प्रार्थनेच्या वेळी ती उत्तरं वाचून दाखवली गेली. मोठ्या बाईंचे डोळे पाणावले. खारू नापास, कारण उत्तर कोरं. भिंगरी नापास, कारण उत्तर अर्धवट.

"पण सर, मी ते केलं ना!"

"केलंस गं," सर हळहळले. "पण या विषयाला प्रात्यक्षिक नाही."

आणि तुम्ही? हे वाचताना मनात म्हणालाच असाल, मी तिथे असतो तर पहिल्याच मिनिटाला उठलो असतो. वा! पैकीच्या पैकी गुण. बसा खाली.