पाण्यापासून जपलेलं जहाज

२०१९ साली जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमध्ये एका जहाजाचं पाण्यापासून यशस्वी संरक्षण करण्यात आलं.

जहाज नामदेवरावांचं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश आरमारातल्या एका छोट्या लढाऊ जहाजाची हातभर लांबीची प्रतिकृती केली. दोन डोलकाठ्या, अठरा तोफा, सगळं लाकडात. शिडांना मनासारखं कापड मिळेना, तेव्हा त्यांच्या पत्नी कांताबाईंनी ट्रंकेतली आपली लग्नातली पांढरी साडी काढली आणि स्वतःच कात्री लावली. नामदेवरावांची नजर मंदावत चालली होती. हिवाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी जहाज एकदा वाऱ्यावर चाललेलं बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

तळं मॉडेल-जहाज फेराइनच्या ताब्यात होतं. फेराइन म्हणजे आपलं मंडळच, फक्त वेळेवर सुरू होणारं. अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, क्र्युगर यांनी जहाज पाहून टोपी काढली आणि तोफा उडतात का, असं विचारलं. उडत नाहीत म्हटल्यावर ते गंभीर झाले. तोफा उडत नाहीत म्हणून जहाज लढाऊ विभागात बसेना, आणि तोफा आहेत म्हणून शांततामय विभागात बसेना. सगळा उन्हाळा उपसमितीत गेला. अखेर एकमताने ठरलं, की इतकं सुंदर जहाज हे फेराइनचं भूषण आहे, आणि भूषणाला पाणी लागू देता येत नाही.

मुलगा उज्ज्वल खूश झाला. त्याने सभागृहात ठेवायला काचेची पेटीही करून दिली.

"आई, बाबांना केवढा मान मिळाला. पाण्यात लाकूड फुगलं असतं."

"अरे, जहाज आहे ते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर जपायचं."

ऑक्टोबरात तळ्याकाठी वार्षिक उत्सव झाला. पेटी मंचाशेजारी मांडली होती. हेर क्र्युगर माणसाच्या पाण्यावरच्या प्रेमाविषयी बोलत होते. भाषण रंगात आलं तशा कांताबाई उठल्या, पेटी उघडली, जहाज दोन्ही हातांनी उचललं आणि काठावर जाऊन सोडून दिलं. शिडं फुगली. जहाज थेट मधोमध निघालं.

सगळे उभे राहिले, पण पुढे कोणी सरकेना. परवानगीशिवाय पाण्यात पाय घालायला मनाई होती, आणि परवानगी देणारी उपसमिती भाषणानंतर बसणार होती.

"अहो, दिसतंय का?"

"दिसतंय," नामदेवराव म्हणाले. "साडी शोभतेय तुझी."

पुढे कांताबाईंचं सभासदत्व रद्द झालं. मुळात त्या सभासद नव्हत्याच, म्हणून आधी करून घेतलं. हेर क्र्युगर जहाज बाहेर काढण्याच्या उपसमितीचे अजून अध्यक्ष आहेत. जहाज लव्हाळ्यात अडकलंय, त्यावर बदकं बसतात. रिकाम्या पेटीपुढे पाहुणे आदराने उभे राहतात. नामदेवरावांची नजर त्याच हिवाळ्यात गेली, पण शिडं कशी फुगली ते भेटेल त्याला सांगतात.

उज्ज्वलच्या शोकेसमध्ये लग्नातला डिनर सेट अजून चांगल्या पाहुण्यांची वाट बघतोय. हा किस्सा सांगताना तो पोट धरून हसतो. म्हणतो, हे जर्मन लोकही ना.

तुम्हीही हसलाच असाल. जरा उठून बघून या, तुमच्या सेटवरचं दुकानाचं स्टिकर निघालंय का.